नवे वस्ताद आणि जुना हौदा

परंपरेचा जयजयकार करणाऱ्यांची संख्या ज्या मानाने वाढते त्या मानाने परंपरा जाणणाऱ्यांची घटते, असा अनुभव सर्वच क्षेत्रांत येतो. पण सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या कुस्तीत तो हल्ली जितक्या उघडपणे येऊ लागला आहे तितका क्वचितच इतरत्र येत असेल. एखाद्या महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत, एखाद्या साखर कारखान्याच्या कुस्ती केंद्रात, अगर गावच्या जुन्या तालमीत नवा प्रशिक्षक नेमला जातो. त्याच्यापाशी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेची पदविका असते. पहिल्या दिवशी मंडळी त्याच्या डोक्यास फेटा बांधतात, तो मारुतीच्या तसबिरीस हार घालतो, हौद्यातली चिमूटभर माती कपाळी लावतो, गावातल्या वृद्ध वस्तादांच्या पाया पडतो, हलगी वाजते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रासह बातमी येते की, नव्या प्रशिक्षकांनी येथील उज्ज्वल परंपरा शिरसावंद्य मानली.

आमचे म्हणणे असे की, या सोहळ्यात परंपरेचा स्वीकार कोठेच झालेला नसतो. स्वीकार झालेला असतो तो परंपरेच्या पोशाखाचा, आणि पोशाख उतरविण्यास फारसा वेळ लागत नाही. महिना लोटण्यापूर्वीच हे गृहस्थ दोहोंपैकी एका वाटेस लागतात. एक तर हौद्यावर फळ्या टाकून त्यावर मॅट अंथरली जाते आणि 'माती आता कालबाह्य झाली' असे मुलांस सांगण्यात येते. किंवा याच्या अगदी उलट, गावकऱ्यांची मर्जी राखावी म्हणून नवा प्रशिक्षक पतियाळास शिकलेले सारे गुंडाळून ठेवतो आणि जुने जे जे चालत आले ते ते तसेच चालू देतो. गंमत अशी की, या दोघांसही आमचे लोक सारखाच हार घालतात. या दोन जिल्ह्यांपैकी एका ठिकाणी, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही स्वतः पाहिले की, हौदा बुजवून त्या जागी खुर्च्यांची कोठी केली होती आणि प्रतिवर्षी पूजनापुरती लागणारी तांबडी माती मात्र एका ताम्हणात काढून कपाटात जपून ठेविली होती. ताम्हण दाखविताना तेथल्या चालकांच्या मुद्रेवर जो अभिमान होता तो खोटा नव्हता, हेच अधिक शोचनीय.

तेव्हा परंपरा म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

ज्यांस आपल्या कुस्तीच्या शुद्ध स्वदेशी परंपरेचा फार अभिमान आहे त्यांनी आपल्या तोंडचे शब्द एकदा तपासून पाहावेत. कुस्ती हा शब्द फारसी, पहिलवान फारसी, वस्ताद हा फारसी 'उस्तादा'चा मराठी अवतार, जोर तोही फारसीच. तालीम आणि खलिफा हे तर अरबी. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ याच दोन जिल्ह्यांत आहेत. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी हे साताऱ्याकडे, शिराळे व बहे हे सांगलीकडे. त्या मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या, अरबी नावाच्या जागेत, फारसी नावाच्या गुरूपुढे आमचा पोरगा फारसी नावाचे जोर काढीत आला, आणि त्यात कोणासही कधी विसंगत वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. जे उपयोगी ते घ्यावे, आपल्या मातीत मळावे आणि मग ते आपलेच म्हणून चालवावे, ही या विद्येची रीत. शेजारच्या कोल्हापुरात पाहा. फुटबॉल हा उघडउघड विलायती खेळ. पण तेथे तो खेळणारे संघ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशा नावांनी मैदानात उतरतात, आणि पेठेतली म्हातारी माणसे कुस्तीच्या फडास जावे तशी त्या सामन्यांस जातात. तालमीने चेंडूस घरात घेतले. चेंडूने तालमीस घराबाहेर काढले नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही हेच केले. सूर्यनमस्कार जुनेच होते. पण त्यांची पद्धतशीर मांडणी करून, ते संस्थानच्या शाळांतून मुलांमुलींकडून रोज करवून घेऊन, त्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहून त्यांनी ते देवघरातून क्रीडांगणावर आणले. त्यांस कोणी परंपरेचे वैरी म्हटले नाही.

आता हौद्याकडे येऊ. तांबडी माती चाळून घ्यावयाची. तीत हळद, तेल, ताक, लिंबू, काव, कापूर घालून ती मुरू द्यावयाची. आणि मग रोज पहाटे, जोर-बैठका होण्यापूर्वी अगर झाल्यावर, फावडे घेऊन ती साऱ्या पठ्ठ्यांनी मिळून उकरावयाची. नव्या विद्येचे लोक या कामास वेळेचा अपव्यय समजतात. त्यांनी एकदा फावडे हाती घेऊन पाहावे. कमरेत वाकून दोन हात खोल घट्ट माती वर काढणे हा खांदा, पाठ व मूठ यांचा असा व्यायाम आहे की, तो देण्यासाठी शहरांतील व्यायामशाळा आता लोखंडी यंत्रे विकत घेतात. पण व्यायाम ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की, कालच मैदान मारून आलेला मल्ल आणि परवाच जत तालुक्यातून आलेला बारा वर्षांचा पोर एकाच हौद्यात एकाच वेळी माती ओढतात. त्या पोरास आपल्या जागेची ओळख येथे होते, आणि त्या मल्लास आपल्या जागेची आठवण येथे राहते. जो प्रशिक्षक कपाळी माती लावतो आणि फावड्यास हात लावीत नाही, त्याने या परंपरेतले नेमके काय स्वीकारले?

वस्तादाचे दुसरे काम जोड लावण्याचे. कोणत्या मुलाने कोणाशी लढत करावी, किती वेळ करावी, कोणाकडून आज पडावे आणि कोणास आज पाडू नये, हे ठरविण्यात खऱ्या वस्तादाची सारी विद्या असते. चांगला वस्ताद मुलगा तालमीचा उंबरठा ओलांडतो तेव्हाच्या त्याच्या चालीवरून ओळखतो की, काल याचा गुडघा दुखावला आहे, किंवा घरून पैसे आले नाहीत, किंवा हा रात्री जागला आहे. तो मुलांबरोबरच राहतो, त्यांच्या पंक्तीस जेवतो, त्यांच्या दुधावर लक्ष ठेवितो. हे सारे काही ग्रंथांत लिहिलेले नाही. म्हणूनच ते माणूस गेला की जाते. नव्या प्रशिक्षकाजवळ घड्याळ असते, वही असते, चित्रफीत असते. आमचे त्यांशी भांडण नाही. वही आणि डोळा यांत मुळी वैरच नाही. भांडण आहे ते इतकेच की, सकाळी दोन तास व सायंकाळी दोन तास येऊन मोटारसायकलवरून परत जाणाऱ्या माणसास वही लिहिता येते, डोळा कमाविता येत नाही.

येथे प्रतिपक्ष आपले हुकमी पान टाकतो. तो म्हणतो: 'हे सर्व ठीक, पण ऑलिंपिक मॅटवर होते. मातीत निकाली कुस्ती असते, दोन्ही खांदे टेकेपर्यंत तास तास चालते. मॅटवर तीन तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद विसावा. मातीत लंगोट धरता येतो. मॅटवर पोशाख धरला तर तो अपराध. मातीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर माती टाकून पकड साधता येते. मॅटवर घामाने ओले अंग तसेच धरावे लागते. मातीत दम राखून खडाखडी करणारा शहाणा ठरतो. मॅटवर त्यास निष्क्रिय म्हणून दंड होतो. जो मुलगा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मातीतच वाढला त्याचे पाऊल मॅटवर जड पडते. तेव्हा हौदा बुजवावा हेच मुलाच्या हिताचे.'

यातला प्रत्येक भेद खरा आहे, आणि शेवटचे अनुमान खोटे आहे.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडलगत गोळेश्वर म्हणून गाव आहे. तेथील खाशाबा जाधव, जन्म १९२६. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. हा मुलगा मातीत वाढला. १९४८ साली तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅट त्यास जवळजवळ अपरिचित होती. तेथे त्यास रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन मिळाले. हे गार्डनर म्हणजे आमच्या विषयापुरते नवे वस्तादच. त्यांस कोणी फेटा बांधला नाही, त्यांनी कोणाच्या तसबिरीस हार घातला नाही. थोड्या दिवसांत त्यांनी एका परक्या मुलास मॅटवरच्या कुस्तीची वाट दाखविली, आणि तो मुलगा फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ च्या जुलैत, हेलसिंकी येथे बँटमवेट म्हणजे सत्तावन्न किलोच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्या डावासाठी खाशाबांचे नाव झाले तो ढाक. ढाक गार्डनर यांनी शिकविलेली नव्हती. ती कऱ्हाड-कोल्हापूरच्या हौद्यांतून गेलेली होती. गार्डनर यांचे शहाणपण हे की, मुलाजवळ जे होते ते त्यांनी काढून घेतले नाही.

हा एकच दाखला असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण सांगली जिल्ह्याकडे वळावे. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व मुक्त प्रकारात रौप्य, आणि मान्यांनी मुक्त प्रकारात सुवर्ण व ग्रीको-रोमन प्रकारात रौप्य अशी पदके आणली. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली धरण्यास बंदी. म्हणजे आमचा पट गेला, टांग गेली, अर्धी विद्या दाराबाहेर राहिली. तरीही मातीत कमावलेली छाती आणि पकड यांच्या बळावर ही दोन खेडेगावची माणसे त्यात उभी राहिली. पुढे आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. त्यांचे शिष्य दादू चौगुले यांनी १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मॅटवरच रौप्यपदक मिळविले. परंपरा स्वीकारणारा नवा वस्ताद कसा असतो, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी आंदळकरांचे चरित्र पाहावे. माती आणि मॅट, हिंदकेसरीची गदा आणि टोकियोचे ऑलिंपिक, ही सारी स्वतःच्या अंगावर घेतलेला तो माणूस होता. त्यास दोहोंपैकी एकीचीही लाज वाटत नव्हती.

परदेशांतील उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत. हेलसिंकी येथे ज्या गटात खाशाबांना कांस्य मिळाले त्याच गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांनी नेले. आणि हे इशी मूळचे ज्यूदोचे. जपानात या पाश्चात्य कुस्तीचा पाया घालणारे इचिरो हत्ता हेही ज्यूदोपटूच. जपान्यांनी नवी कुस्ती शिकण्यासाठी जुनी विद्या जाळून टाकली नाही. तिच्याच शिष्यांस नव्या अंगणात उतरविले. इराणचा घोलामरेझा तख्ती, १९५६ चा ऑलिंपिक विजेता, तेथल्या जोरखान्यांच्या परंपरेतून आलेला. त्या जोरखान्यांतले मुद्गल आणि जोर पाहिले तर आमच्या तालमीची ती सख्खी भावंडे आहेत हे कोणीही ओळखील. आणि दूर तरी कशास जा? दिल्लीच्या छत्रसाल क्रीडागारातून सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया असे एकामागून एक ऑलिंपिक पदकविजेते निघाले. तेथे अंथरलेली आहे मॅट. पण मुलांनी तेथेच राहावे, ज्येष्ठांनी कनिष्ठांस घडवावे, गुरूचा डोळा दिवसभर असावा, ही सारी रीत आखाड्याची आहे, आणि तिचा उगम गुरू हनुमान यांच्या आखाड्यात शिकलेल्या सतपाल यांच्यापाशी आहे. २०२४ साली पॅरिस येथे अमन सहरावत याने पुरुषांच्या मुक्त प्रकारात कांस्यपदक मिळविले, तो गट पुन्हा सत्तावन्न किलोचाच. अमनही छत्रसालचाच. म्हणजे ज्या वजनात गोळेश्वरच्या मुलाने १९५२ साली पदक आणले त्याच वजनात बहात्तर वर्षांनी पदक आले ते हरियाणाच्या मुलास. आणि या बहात्तर वर्षांत महाराष्ट्राच्या एकाही मल्लास ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे पदक मिळाले नाही. आमच्याकडे हौदे नव्हते म्हणून का? हौदे पुष्कळ होते. मॅटही कालांतराने पुष्कळ आल्या. जे आले नाही ते या दोहोंस जोडणारे माणूस.

येथवर वाचून जुन्या पक्षाची मंडळी संतुष्ट झाली असतील, तर त्यांच्याशीही आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड नाहीत.

परंपरेच्या नावाखाली तालमींत जे जे चालते ते सारे परंपरा नव्हे. उसाच्या पट्ट्यातला असो की माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतला असो, मुलास तालमीत ठेवणारा बाप बहुधा अल्प जमिनीचा शेतकरी असतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च तो हातउसने करून पाठवितो. हा मुलगा सहा-आठ वर्षे यात्राजत्रांची मैदाने करतो. कुंडलसारख्या मोठ्या मैदानात नाव लागले की त्यास धन्य वाटते. इनामाचे पैसे मिळतात. पण गुणांची कुस्ती त्यास कोणी शिकविलेली नसते, वजनी गटाचा हिशेब त्यास ठाऊक नसतो, आणि शिक्षण तर दहावीपाशीच थांबलेले असते. पंचविशीत खांदा निखळला की तो रखवालदाराची नोकरी शोधू लागतो. वस्तादास विचारावे तर तो म्हणतो, 'आमच्या वेळी असेच होते.' त्याच्या वेळी राजाश्रय होता, हे तो विसरतो. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान १९१२ साली उभे केले तेव्हा मल्लांचा खुराक दरबारातून येत असे. दरबार गेले, खुराक बापाच्या डोक्यावर आला, वस्तादाचे उत्तर मात्र तेच राहिले.

वजनाचेच घ्या. मोठे पोट आणि मोठी मान यांचा आमच्याकडे असा महिमा वाढला आहे की, हलक्या गटाच्या मल्लास कोणी विचारीत नाही. मान असतो तो 'महाराष्ट्र केसरी'च्या वजनदार गटास. अलीकडे त्या स्पर्धेत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांचीच अंतिम लढत लावितात, ही योजना आम्हांस चांगली वाटते. पण तिचा प्रकाश पडतो तो धिप्पाडांवरच. खाशाबा सत्तावन्न किलोचे होते, हे त्यांच्या नावाने कमानी उभारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आज असा सडपातळ मुलगा तालमीत आला तर त्यास 'आधी अंग धर' असा उपदेश होतो, आणि अंग धरण्याच्या घाईत कोणी ना कोणी ताकदीच्या सुया त्याच्या हाती देतो. उलट बाजूस, वजन उतरविणे हीदेखील एक विद्या आहे. पॅरिसमध्ये विनेश फोगाट हिला शंभर ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाद व्हावे लागले. त्याच स्पर्धेत अमन सहरावत याचे साडेचार किलोंहून अधिक वजन एका रात्रीत उतरविण्यात आले. असले काम डोळ्याच्या अंदाजाने होत नाही. तेथे वही लागते, काटा लागतो, वैद्यक लागते. पतियाळाच्या पदविकेची थट्टा करणाऱ्या जुन्या वस्तादांनी हे कबूल केले पाहिजे.

आणि मुली. मारुती ब्रह्मचारी, सबब हौद्यात स्त्रीने पाय ठेवू नये, हे शास्त्र आमच्या तालमींत इतकी वर्षे चालले की, त्यावर कोणी आधार मागितलाच नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने गदा उचलली, तेव्हा ज्यांनी पूर्वी मुलींस दारातून परत धाडले होते तेही सत्कारास व्यासपीठावर होते. आम्हांस त्यांचा राग नाही. उशिरा का होईना आले. परंतु मुलींस दारात घेणे म्हणजे केवळ एक कोपरा पडद्याने वेगळा करणे नव्हे. त्याच वर्षी दिल्लीच्या जंतरमंतरवर नामांकित महिला मल्लांनी कुस्ती संघाच्या अध्यक्षाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन धरणे धरले, हे ज्या आईबापांनी पाहिले ते आपली मुलगी कोणाच्या हाती देतात याचा विचार करणारच. वस्तादाचा शब्द अखेरचा, त्यावर प्रश्न नाही, ही रीत डाव शिकविण्यापुरती ठीक असेल. मुलांच्या शरीराची व अब्रूची मालकी ती वस्तादास देत नाही. नव्या प्रशिक्षकाने जुन्यातले काही टाकावयाचेच असेल तर प्रथम हे टाकावे. आमच्या माहितीत मात्र हे टाकल्याबद्दल कोणाचा सत्कार झालेला नाही.

आता राहिली परंपरेची एक बाजू, जिचा उल्लेख फेटे बांधण्याच्या समारंभांत कधीच होत नाही. कारण तो केला तर समारंभ करणाऱ्यांनाच अडचण होईल. खाशाबांस हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सारे सांगतात. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून त्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले, हे थोडे सांगतात. आणि पुढे १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झालेला हा माणूस १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला व अर्जुन पुरस्कार त्यास मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी मिळाला, हे सांगण्याच्या वेळी सभा आटोपती घेण्याची घाई असते. या दोन जिल्ह्यांच्या कुस्तीची परंपरा म्हणून जी काही आहे तीत ढाक जितकी आहे तितकेच ते गहाणखत आहे. संस्थेने मल्लाचा भार उचलावा आणि मल्लाने तो फेडावा, अशी ती दुहेरी गाठ होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ साली वसतिगृह काढून नाना जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले आणि श्रम करून शिकावयास लाविले, त्यातही हीच गाठ दिसते. त्या वसतिगृहाच्या जिल्ह्यात मल्लाच्या दुधाचा आणि पुस्तकाचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न पडावा हे नवल आहे.

म्हणून संस्थाचालकांस आमचे विचारणे आहे. तुम्ही नव्या प्रशिक्षकास परंपरा स्वीकारावयास सांगता. तुम्ही तिच्यातले काय स्वीकारले? ज्याच्या हाती मुलाची आठ वर्षे द्यावयाची त्याची नेमणूक तुम्ही अकरा महिन्यांच्या कराराने करता. बाराव्या महिन्यात तो राहील की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. त्याच्या राहण्याची सोय तालमीत नाही, जेवणाची मुलांबरोबर नाही, मल्लांच्या शिष्यवृत्तीसाठी अंदाजपत्रकात ओळ नाही. मात्र उद्घाटनाच्या मंडपासाठी, पाहुण्यांच्या शालीसाठी आणि त्या फेट्यासाठी आहे. जतहून आलेला बारा वर्षांचा मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत, या हिशेबाने, आठ वेळा मारुतीस हार पडेल, आठ जण कपाळी माती लावतील, आठ जण नवी वही उघडून त्याचे नाव, वजन आणि उंची पहिल्यापासून लिहून घेतील. आणि त्याचा डावा गुडघा केव्हापासून दुखतो हे त्यांपैकी एकासही ठाऊक असणार नाही.